मागची खिडकी, पुढचा ओटा

धुळ्यात घर बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. नळ किती दिवसांनी येतो, आला की किती वेळ राहतो, हौद केवढा आहे. आम्हीही तेच विचारलं. घरमालक काका म्हणाले, हौद मोठा आहे आणि बोअर मार्चअखेरपर्यंत साथ देते. आई हौदाचं झाकण उचलून आत वाकून बघत होती. तेवढ्यात बायकोने मागच्या खोलीची खिडकी उघडली आणि हाक मारली, "अहो, इकडे या."

खिडकीखाली शाळेचं कुंपण होतं. कुंपणापलीकडे मैदान, मैदानाच्या टोकाला चार वर्गांची बैठी इमारत, व्हरांड्यात तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला. ओलीने खालचे पोपडे सुटलेले, पण वरच्या डाव्या कोपऱ्यात नंदुरबार, धुळे आणि जळगाव शाबूत. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा. हा भाग पूर्वी गाव होता. देवपूरच्या बाजूने शहर वाढत गेलं, गाव महापालिकेत आलं आणि शाळा होती तिथेच राहिली. त्या दिवशी काहीच आवाज नव्हता, कारण रविवार होता. घर दाखवायला काकांनी रविवारच का निवडला, ते घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

आम्ही भाड्याने राहतो ते जुन्या धुळ्यात, पांझरा नदीच्या अलीकडे. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या त्या सरळ रेघेसारख्या गल्ल्यांमध्ये आमची अकरा वर्षं गेली. मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात हिशेब लिहितो. बायको सिस्टर आहे, नवजात बाळांच्या कक्षात. तिची रात्रपाळी रात्री 8 ते सकाळी 8. घरी येऊन, अंघोळ करून, चार घास खाऊन ती आडवी होते तेव्हा साडेनऊ-दहा वाजलेले असतात, आणि दोन-तीन वाजेपर्यंत झोप झाली तर तिची पुढची रात्र धड जाते. शाळा भरते साडेदहाला आणि सुटते पाचला. आमच्या सगळ्या विचाराची गाठ इथेच पडली होती.

घर मनासारखं होतं. चार खोल्या, वर मोकळी गच्ची, पुढे जुन्या पद्धतीचा रुंद ओटा. किंमत 34 लाख. त्याच रकमेत दुसरीकडे एक घर होतं, पण त्याला लागून लग्नाचं लॉन. आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात, कापसाचे पैसे हातात आले की. एप्रिल-मेमध्ये डीजे सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात. ते घर आम्ही दारातूनच सोडलं.

शाळेजवळच्या घराविषयी मात्र प्रत्येकाकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं. जिनिंगमधल्या सहकाऱ्याने सांगितलं, आयुष्यभर डोक्याला ताप. मेहुण्याने सांगितलं, विकायला जाशील तेव्हा गिऱ्हाईक नाक मुरडेल. चुलते म्हणाले, मुलं चेंडू मारून काचा फोडतील. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रात्री जेवताना मला एवढंच विचारलं, "तुले पोरेस्नं भ्याव वाटस का रे?"

भीती वाटत होती ती झोपेची. हिशेब लिहिणारा माणूस मी, म्हणून आकडे मांडून बघितले. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवण्याचे धरले आहेत. वर्षाचे तास 8760. म्हणजे ज्या आवाजाने लोक बिचकतात तो वर्षाच्या दहाव्या हिश्श्यालाही पुरत नाही. मे महिना आणि अर्धा जून तर मैदानात चिमण्यांशिवाय कोणी नसतं. हे सगळं मी उत्साहाने बायकोला वाचून दाखवलं. ती डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, "बरोबर आहे. फक्त ते 800 तास माझ्या झोपेचेच आहेत."

आणखीही एक गोष्ट वाचनात आली आणि ती माझ्या मनात राहिली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दवाखाना, न्यायालय आणि शाळा यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. अशा ठिकाणी दिवसा 50 डेसिबलची मर्यादा, साध्या राहत्या वस्तीत 55 ची. आम्ही सगळे शाळेच्या आवाजाने आपल्याला काय त्रास होईल ते मोजत होतो. कायदा करणाऱ्यांनी आपल्या आवाजाचा शाळेला काय त्रास होतो, ते आधी मोजलं होतं.

मी ठरवलं की घर वेगवेगळ्या वेळी जाऊन बघायचं. काकांचा मुलगा पुण्याला, तेही तिकडेच जायच्या तयारीत, त्यामुळे किल्ली त्यांनी आनंदाने दिली. एके दिवशी परिपाठाला जाऊन उभा राहिलो. राष्ट्रगीताचे 52 सेकंद, प्रतिज्ञा, मग संविधानाची उद्देशिका. चौथीतली एक मुलगी सांगायची आणि बाकीची मागून म्हणायची. 'सार्वभौम' या शब्दाला दरवेळी निम्मी मुलं अडखळत आणि ती मुलगी तो पुन्हा सांगे. मधल्या सुट्टीत गेलो तेव्हा खिचडीला हळद-जिऱ्याची फोडणी पडलेली होती आणि नळाशी ताटल्यांचा खणखणाट चालला होता. आवाज होता, भरपूर होता. पण वीस मिनिटांत रुळावर गज आपटला आणि सगळं मैदान वर्गांमध्ये शिरलं. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, शनिवारी एरवीही सकाळचीच असते, हेही तेव्हाच कळलं.

मग एकदा रात्री गेलो. घर बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो, की शाळेशेजारचं घर रात्री बघा. साडेनऊ वाजले होते. शाळेच्या पायऱ्यांवर मोबाईलच्या उजेडात चौघं-पाचजण बसलेले, पुढे प्लॅस्टिकचे पेले, बाटल्या. मी मागच्या खिडकीत उभा होतो. कुंपणाच्या कडेने आणखी सात घरं आहेत, त्यांच्याकडे बघितलं. त्या सात घरांपैकी पाच घरांच्या मागच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या. गिलावाही केलेला नव्हता, चौकटीच्या आकाराच्या लाल विटा तशाच दिसत होत्या. उरलेल्या दोन खिडक्यांना आतून पत्रा ठोकलेला. दिवसाचा गोंगाट नको म्हणून लोकांनी शाळेकडे पाठ केली होती, आणि त्यामुळे रात्री त्या मैदानाकडे बघणारं एकही माणूस उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मॅडमना भेटलो. पन्नाशीच्या बाई, साडीला खोचलेला पदर, हाताला खडू. मी दबकत विषय काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सोमवारी मी आणि खिचडीवाल्या मावशी तासभर आधी येतो. आधी काचा वेचतो, मग घंटा देतो. अर्धी पोरं अनवाणी येतात ना." टेबलाखाली त्यांनी पायाने एक बादली पुढे सरकवली. बुडाशी हिरव्या आणि तपकिरी काचा होत्या. फाटकापासून किती अंतरावर तंबाखूची टपरी आहे, तेही त्यांनी पावलांनी मोजून ठेवलं होतं. 2003 च्या कायद्याने 100 यार्डांच्या आत ती चालत नाही. टपरी साठ पावलांवर होती.

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं बायको म्हणेल, नको ते घर. माझ्या जिनिंगचा हंगाम सुरू असला की मलाही रात्री 11 होतात, आणि तिची रात्रपाळी असेल तर घरात आई आणि सहा वर्षांची मुलगी दोघीच. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला एक दिवस तिथे झोपून बघायचंय."

नोव्हेंबरचा तो मंगळवार होता. रात्रपाळी संपवून ती सरळ त्या रिकाम्या घरी गेली. मी सतरंजी, उशी, पाण्याची बाटली आणि डब्यात कळण्याची भाकरी-ठेचा घेऊन पोचलो. मागच्या खोलीत, त्या खिडकीखालीच तिने सतरंजी अंथरली. खिडकी उघडी ठेवली. मी म्हटलं, निदान आज तरी लावून घे. ती म्हणाली, लावून झोपायचं तर आत्ताचं भाड्याचं घर काय वाईट आहे. दहाच्या सुमाराला तिने पदर डोळ्यांवर ओढला.

मला सुट्टी होती. मी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. परिपाठ झाला. मी आत डोकावलो, ती झोपलेली. दुसरीचे पाढे सुरू झाले, बे एके बे, बे दुणे चार. पंधराच्या पाढ्याला मागच्या बाकावरचा एक आवाज इतका चढला की मीच दचकलो. ती झोपलेली. मधली सुट्टी झाली, धावाधाव, पडापडी, "मॅडम याने मला ढकललं" झालं, एक चेंडू खरोखरच आमच्या भिंतीवर येऊन आपटला. तिने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. कक्षात रात्रभर मॉनिटरच्या टिकटिकीत आणि वॉर्मरच्या घरघरीत काम करणारी ती. तिच्या कानाला आवाजाचं वावडं नसावं. दोन वाजून गेले, तीन वाजले. घरातही तिला इतकी सलग झोप लागलेली मी फार दिवसांत बघितली नव्हती. पाचला शाळा सुटली, गलका फाटकातून बाहेर पडला आणि गल्लीत पांगला. ती अजूनही झोपलेलीच.

सव्वापाच-साडेपाचला ती ताडकन उठून बसली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने केस बांधले आणि चप्पल न घालता पुढचं दार उघडलं.

आमच्या, म्हणजे काकांच्या, ओट्यावर एक मुलगा बसला होता. पहिलीतला असावा. दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर, पाय लोंबकळत होते. ओटा उंच, त्याचे पाय जमिनीला पोचत नव्हते. रडत होता, पण मोठ्याने नाही. नाक ओढत, हुंदके गिळत. भरल्या शाळेच्या आवाजात जी जागी झाली नाही, ती या एवढ्याशा आवाजाने बंद दारापलीकडे जागी झाली होती.

चौकशी केली. चौथीतला भाऊ त्याला घेऊन जायचा, तो आज मित्रांबरोबर निघून गेला होता. आई कापूस वेचायला गेलेली. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे उजेड असेपर्यंत बाया शेतातून हलत नाहीत. हे मला माझ्या कामामुळे पाठ आहे. जिनिंगला येणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन मी लिहितो. ते वजन वेचणाऱ्या बाईचा मुलगा संध्याकाळी कुठे बसलेला असतो, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. बायकोने त्याला पाणी दिलं, उरलेली अर्धी भाकरी दिली. त्याने ठेचा बाजूला सारून भाकरी खाल्ली. दिवेलागणीला त्याची आई धावत आली. डोक्याचा रुमाल सोडायचीही तिला शुद्ध नव्हती, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. "बैन, तुम्हना उपकार," असं म्हणाली आणि त्याला कडेवर उचलून निघाली. एवढा मोठा मुलगा, पण उचललाच.

परतताना मोटरसायकलवर बायको काही बोलली नाही. पांझरेच्या पुलावर आलो तेव्हा मी विचारलं, "मग? झोप तर झाली." ती म्हणाली, "झोपेचा प्रश्न संपला. आता दुसरा आहे. तिथे राहायला गेलो तर आपली पोर कुठे जाणार?"

हा प्रश्न आम्ही दोघांनीही इतके दिवस टाळला होता. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जाते. दारात व्हॅन येते. त्या कुंपणाच्या कडेची सातही घरं मी बघितली होती. तिथल्या एकाही घरातलं मूल त्या शाळेत जात नाही. सगळ्यांच्या दारात सकाळी व्हॅन उभी असते, आणि त्या व्हॅनला वाट देत वस्तीवरची मुलं चालत शाळेत येतात. शाळेचा पट 61. मॅडम सांगत होत्या, त्या रुजू झाल्या तेव्हा याच चार वर्गांत दीडशेवर मुलं होती.

एजंटला मी सहज विचारलं होतं, शाळेचं पुढे काय होईल. तो मला धीर देत होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाला, "भाऊ, पट असाच उतरत गेला ना, तर दहा वर्षांत शाळा बंद. मग इतकी मोकळी जागा तुमच्या मागे. भाव दुप्पट होईल." तो बोलला त्यात तथ्य होतं म्हणूनच ते मला लागलं. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने पुढे आणला, तेव्हा नमुना म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शाळांत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचं नाव होतं. डोंगरात पाड्यापाड्यांवर मुलं विखुरलेली असतात, तिथला विचार वेगळा. पण शहराच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपासून हाकेच्या अंतरावर, सात घरांमधली अकरा मुलं व्हॅनमध्ये बसून निघून जातात म्हणून शाळा ओस पडावी, हे मला पटत नाही. आणि त्यात बारावं मूल माझं असणार होतं.

मी शिंदखेडा तालुक्यातल्या गावी दोन खोल्यांच्या शाळेत शिकलो. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. आमचे गुरुजी शाळेसमोरच राहायचे. ते आजारी पडले तर खाटेवर बसून खिडकीतून पाढे म्हणवून घ्यायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत कोणी तलाठी झालं, कोणी फौजी, मी हिशेबनीस. पण तेवढ्यावरून माझ्या मुलीला मी सरकारी शाळेत घालीन, असं म्हणणं सोपं नव्हतं. इंग्रजीचं काय, हा प्रश्न मलाही पडतो. रात्री जागं ठेवतो. बायकोचं म्हणणं मात्र सरळ होतं. त्या खिडकीखाली झोपायचं आणि आपल्या मुलीला व्हॅनमध्ये बसवून त्या फाटकासमोरून न्यायचं, हे तिला जमणार नव्हतं. तसं करायचं असेल तर घर नको, असं तिने स्पष्ट सांगितलं.

मॅडमकडे पुन्हा गेलो. मी शाळा व्यवस्थापन समितीविषयी विचारलं. रात्रीच्या बैठकींबद्दल, टपरीबद्दल शेजारी म्हणून काही करता येईल का. त्या म्हणाल्या, समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. "शेजारी म्हणून अर्ज द्या, जरूर द्या. पण समितीत बसून बोलायचं तर मूल शाळेत पाहिजे, दादा." मग तिसरीच्या वर्गात नेऊन त्यांनी मला एका मुलीला काहीतरी वाचायला सांगायला लावलं. तिने फळ्यावरचा उतारा वाचला, मग मी न विचारताच तिने वजाबाकीचं उदाहरण सोडवून दाखवलं, हातच्यासकट. एका मुलीवरून शाळा ठरवू नये हे मला कळतं. तरी मी तिथून निघालो तेव्हा पाय हलके झाले होते.

डिसेंबरात आम्ही इसार दिला. पुढचं सगळं कागदांचं काम, ते मी थोडक्यात सांगतो, कारण शाळेला लागून घर घेणाऱ्याला उपयोगी पडेल. सर्च रिपोर्ट तर सगळेच काढतात. आम्ही शाळेच्या जागेचाही उतारा काढला आणि विकास आराखड्यात ती कशासाठी दाखवली आहे ते बघितलं. कुंपण नेमकं कोणाच्या हद्दीत आहे, गच्चीचं पावसाचं पाणी मैदानात उतरतं का, ते मोजणीच्या वेळी उभं राहून तपासलं. उतरत होतं. पाइप फिरवून घ्यायचं काकांनी लेखी मान्य केलं. खरेदीखत बायकोच्या नावाने केलं. महिलेच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, आमचे 34 हजार वाचले. त्यातून पहिली खरेदी झाली ती मागच्या खिडकीवर लावायच्या मोठ्या दिव्याची. फेब्रुवारीत किल्ली हातात आल्यापासून तो दिवा रोज संध्याकाळी लावायला मी जातो. पहिल्या आठवड्यात पायऱ्यांवरच्या मुलांनी वर बघून शिव्या दिल्या. आता ती तिथे बसत नाहीत, कुठेतरी दुसरीकडे बसत असतील. मॅडमची बादली या महिन्यात अजून भरलेली नाही. टपरी तिथेच आहे. आमचा अर्ज गेलेला आहे.

मुलीचं नाव पहिलीत घातलंय. मेहुणा रागावला आहे. चौथीनंतर काय, ते तेव्हा बघू. मुलीला एकच उत्सुकता आहे, ती रुळाची घंटा कधी वाजवायला मिळेल याची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राहायला जायचं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, आणि आईला घागर नव्या घरातच भरायची आहे. त्यासाठी आता रंग-दुरुस्ती चालू आहे. गच्चीवर आईने आत्तापासूनच बिबडे वाळत घातलेत. परवा मिस्त्री पुढच्या ओट्याशी उभा राहून म्हणाला, "ताई, हा ओटा पाडला तर तुमची गाडी आरामात आत येईल. सगळ्यांनी पाडलेत." बायको तेव्हाच पाळीवरून आलेली, डोळे लाल. ती म्हणाली, ओटा पाडायचा नाही. शहाबादी फरशीही नको, उन्हात तापते, कोबाच राहू द्या. वर पत्र्याची सावली करा. मग ओट्याच्या कडेला बसून बघितलं, स्वतःचे पाय खाली सोडले, आणि जमिनीपासून हाताने एक उंची दाखवली.

"इथे पुढे एक पायरी काढा. लहान पोराचे पाय टेकले पाहिजेत."

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि टेप लावली.